आधी रंग, मग कडी

पत्र्याच्या कारखान्यात कतरण कधी साठली ते कळत नाही. रोज चार तुकडे कोपऱ्यात जातात आणि एक दिवस पाय अडकून माणूस पडतो, तेव्हा लक्षात येतं, अरे, इथे तर ढीग झाला! किश्शांचंही तसंच आहे. परवा सौ. आपली जुनी पेटी उघडत होती. मी सहज म्हणालो, "या पेटीची कडी रंगानंतर बसवलेली आहे बरं का." तिथून जो सुरू झालो, तो भात निवून गेला तरी थांबलो नाही. शेवटी ती म्हणाली, "हे सगळं एकदा लिहून तरी काढा. आमचे कान सुटतील!"

म्हणून हा उद्योग.

तेव्हा महाराष्ट्र व्हायचा होता. अमरावतीत बडनेऱ्याच्या रस्त्याला आमचा पेट्यांचा कारखाना होता. पेट्या म्हणजे पत्र्याच्या ट्रंका. मुलगी सासरी निघाली की सोबत एक पेटी जायचीच, त्यामुळे लग्नसराईच्या चार महिन्यांत वर्षाचा धंदा व्हायचा. बराचसा माल अकोल्याच्या आमच्या दुकानात जायचा, बाकीचा आसपासच्या गावांना. मालक नानासाहेब. मी पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन नुकताच सुपरवायझर म्हणून लागलो होतो, तोही सहा महिन्यांच्या बोलीवर. नानासाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मागच्या साली माल उशिरा गेला. नवऱ्या पेटीविना सासरी गेल्या, शिव्या मी खाल्ल्या! यंदा माल वेळेवर गेला तर तुमी पक्के. नाही तर रामराम!"

इकडे अंजनगाव सुर्जीचं एक स्थळ ठरत आलं होतं. मुलगी पसंत होती, पत्रिका जुळली होती. पण मुलीचे वडील अण्णाजी म्हणजे पानमळ्यांचे मालक, फार सावध गृहस्थ. ते म्हणाले, "नोकरी पक्की झाल्याचा कागद दाखवा जी. मंग तारीख काढू."

म्हणजे माझं लग्न पेट्यांच्या हातात होतं! आणि पेट्या होत्या सुखदेव मिस्त्रींच्या हातात. पन्नाशीचा काटक माणूस, शाळा चौथीपर्यंत, हात मात्र असा की पत्रा नुसता बघून वाकायचा. खरं तर माझ्या खुर्चीवर त्यांचाच हक्क होता. हे मला पहिल्या आठवड्यात कळलं, आणि तेव्हापासून मी त्यांना घाबरून होतो.

* * *

लागल्या लागल्या मी एक तक्ता केला. पेटी कशी तयार होते, याच्या तेरा पायऱ्या. पहिली पत्रा कापणे, तेरावी झाकणावर मुलीचं नाव घालणे. ऑफिसातले टायपिस्ट गोडबोले मूळचे पुण्याचे. त्यांनी तो हौसेनं टाइप केला, प्रत्येक पायरीखाली रेघ मारली आणि मी चार खिळ्यांनी तो भिंतीवर ठोकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर मिस्त्री कात्री घेऊन तक्ता कापताहेत!

"अहो मिस्त्री, हे काय?"

"तक्ता कापून राहिलो जी."

"पण काहून?" घाबरून मीही वऱ्हाडीवर आलो.

"साहेब, हे तेरा कामं तुमी एका कागदात बांधून टाकले. चौथं अडलं का पाचवं मुकाट बसून राह्यते. मोकळे करून देतो त्याइले."

त्यांनी तेरा पट्ट्या केल्या, प्रत्येकीला भोक पाडलं, भिंतीत तेरा खिळे ठोकले आणि पट्ट्या त्यावर अडकवल्या. मग रोज सकाळी ते त्या पट्ट्यांसमोर उभे राहायचे. आज कोण आलं, काय संपलं, काय यायचं आहे, हे बघून पट्ट्या मागेपुढे करायचे. गोडबोल्यांना ते काही सहन होईना. "अहो, सातवी पायरी चौथीच्या आधी कशी येईल? शिस्त म्हणून काही आहे की नाही?"

मिस्त्री शांतपणे म्हणाले, "गोडबोलेजी, तुमी आदी वरण खाता का भाजी? पोटात गेल्यावर कोनी इचारते का?"

त्या दुपारी गोडबोले डबा उघडून बराच वेळ नुसते बघत बसले होते.

* * *

कड्या-कोयंडे बाहेरून रेल्वेनं यायचे. एकदा ते पार्सल वाटेत कुठंतरी अडकलं. कारखान्यात साठ पेट्या उघड्या पडलेल्या, आणि माझ्या क्रमाप्रमाणे कडी बसल्याशिवाय रंग लागायचा नाही. सगळे बिड्या ओढत बसले. मी बडनेरा स्टेशनावर दोन चकरा मारल्या. पार्सलबाबू म्हणाला, "येईल तेव्हा येईल. तुमच्या लग्नाची पेटी आहे का?"

त्याला काय माहीत, की होय, तसंच समजा!

परत आलो तर निम्म्या पेट्यांना हिरवा रंग लागलेला. मी ओरडलोच, "मिस्त्री, आता कडी ठोकताना रंग उडेल ना!"

"भोकं आदीच पाडून ठेवले जी. अन् हातोडीखाली धोतराचा तुकडा धरतो. नानासाहेबांचं जुनं धोतर हाय, मऊसूत."

"त्यांनी दिलं?"

"देतीन ना. सांगाचं राह्यलं."

तिसऱ्या दिवशी पार्सल आलं आणि संध्याकाळपर्यंत साठच्या साठ पेट्या तयार झाल्या. पूर्वी कडीही पेटीबरोबर रंगून जायची. आता ती हिरव्या रंगावर चांदीसारखी चकाकत होती. शेंदूरजनाघाटचे एक संत्राबागायतदार पेटी न्यायला आले होते. ते म्हणाले, "औंदा कडी लय भारी हाय! नवा माल काढला काय?"

नानासाहेब नेमके धोतराचा जाब विचारायला आले होते. त्यांनी एकदा कडीकडे पाहिलं, एकदा मिस्त्रींकडे. मग म्हणाले, "हो! नवाच माल हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून आणखी एक जुनं धोतर आलं.

* * *

यानंतरचा किस्सा खरं तर सगळ्यांत आधी सांगायला हवा होता, कारण हंगामाची सुरुवातच त्यानं झाली. पण मिस्त्रींबरोबर राहिल्यावर माणसाला क्रमाचं फारसं वाटेनासं होतं!

हंगामातली पहिली पेटी मुहूर्तावर सुरू करायची, असा नानासाहेबांचा वडिलांपासूनचा नेम. गुरुजींनी मुहूर्त दिला अकरा वीसचा. आणि तिवशाच्या मालाचे पंधरा सांगाडे त्याच दिवशी पुरे व्हायला हवे होते, नाहीतर पहिलाच माल चुकला असता. एरवी कारखाना दहाला उघडायचा, त्या दिवशी लोक मुद्दाम सकाळी सातला हजर, पण मुहूर्ताआधी हातोडी उचलायची नाही. मी घड्याळाकडे बघून घामाघूम!

मिस्त्री आणि आमच्याकडचे आणखी चौघे छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले. मिस्त्री सरळ नानासाहेबांपुढे उभे राहिले.

"नानासाहेब, मुहूर्त तुमचा हाय. आमचा नाही. मंग आमी पाच जन बसून काय करून राहिलो? आमी आमचं सुरू करतो, तुमी तुमचं अकरा वीसले करा."

नानासाहेबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. नको म्हणावं तर माल जात नाही, आणि हो म्हणावं तर नेम मोडतो. शेवटी म्हणाले, "ठीक हाय. पन त्या पेट्या मोजाच्या नाहीत!"

अकरा वीसला नारळ फुटला. 'पहिल्या' पेटीला हळदकुंकू लागलं, तेव्हा कोपऱ्यात न मोजलेले नऊ सांगाडे उभे होते. संध्याकाळी पंधरा पुरे झाले. नानासाहेब जो भेटेल त्याला सांगत होते, "पाहा, कसा मुहूर्त लागला! अर्ध्या दिवसात पंधरा!"

मिस्त्री मान डोलवून म्हणाले, "लागला जी."

* * *

चैत्र सरता सरता आमच्याकडे ऊन कसं पडतं, ते सांगायला नको. आमचा कारखाना दहाला उघडायचा. दुपारी पत्रा असा तापायचा की हाताला चटके. संध्याकाळी पाचला रंग लागायचा, तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चिकटच. निम्मा दिवस वाळण्याची वाट बघण्यात जायचा.

मिस्त्रींनी पट्ट्या फिरवल्या. पत्र्याचं काम सकाळी सहाला, गारव्यात. रंग अकराला. भर दुपारी पेट्या गच्चीवर.

"आपल्या इथचं ऊन लोक शिव्या देऊन वाया घालवतेत," ते म्हणाले. "त्याले कामाले लावा ना जी!"

आमचे रंगारी रहीमचाचा झाकणावर गुलाबाची फुलं काढायचे. अंगात कला, त्यामुळे पहाटेशी वैर. ते उसळलेच, "सुबह छे बजे तो मुर्गा भी सोच के उठता है!" त्यांना समजावलं की तुम्ही अकरालाच यायचं आहे. तेव्हा त्यांनी मिस्त्रींना मिठीच मारली.

एक अडचण राहिली, धूळ. गच्चीवर ओल्या रंगाला धूळ बसायची. मिस्त्री नानासाहेबांच्या वाड्यावर जाऊन आले आणि चार मच्छरदाण्या घेऊन आले. पेट्यांवर मच्छरदाण्या लागल्या, दोन तासांत रंग खडखडीत!

त्या उन्हाळ्यात नानासाहेबांच्या घरी डास आणि कारखान्यात माल, दोन्ही जोरात होते.

* * *

अकोल्याला आठवड्यातून दोनदा ट्रक जायचा. रिकामी पेटी म्हणजे जागेचा नुसता सत्यानाश. म्हणून लहान पेटी मधल्या पेटीत, मधली मोठीत, असा माल भरायचा. पण मी मोठ्या पेट्या आधी करायला लावायचो, कारण त्यांना काम जास्त. त्या व्हायच्या, आणि पोटात घालायला लहान पेट्याच तयार नसायच्या! ट्रकवाला दारात हॉर्न वाजवून वैतागायचा, आणि शेवटी निम्मी हवा भरून निघून जायचा.

मिस्त्रींनी मला बाजूला घेतलं. "साहेब, तुमच्या घरी आदी कोन जेवते?"

"लेकरं."

"मंग?"

एवढंच बोलून ते गेले. मी डायरीत त्या दिवशी एकच ओळ लिहिली, 'लेकरं आधी.'

पुढच्या आठवड्यात अकोल्याच्या दुकानातून तार आली. मागच्या वर्षी 'पेट्या कुठे' अशा पाच-सहा तारा आल्या होत्या, म्हणून नानासाहेबांनी घाबरतच उघडली. आत लिहिलं होतं, 'पेट्या थांबवा. जागा नाही.' ती तार त्यांनी पंधरा दिवस कोटाच्या खिशात ठेवली होती. ओळखीच्या माणसाला दाखवायचे, मग अनोळखी माणसालाही दाखवायचे!

* * *

आता माझी फजिती. ती गाळली तर मिस्त्रींवर अन्याय होईल.

या सगळ्यानं मलाही वाटायला लागलं की आपल्याला क्रम बदलता येतो. मिस्त्री चार दिवस लेकीच्या गावी गेले होते. मी भिंतीपुढे उभा राहिलो आणि तेरावी पट्टी उचलून तिसऱ्या खिळ्यावर टांगली. नाव आधी! झाकणं तर वेगळी रंगतातच, मग नावंही आत्ताच लिहून टाकू, शेवटची खोळंबा करणारी पायरीच गेली! रहीमचाचांनी चाळीस झाकणांवर चाळीस नावं सुरेख काढली. मी स्वतःवर बेहद्द खूश.

आठवड्यानं तिवशाहून एक गृहस्थ आले. बैलगाडीत पेटी. दोन दिवसांवर लग्न.

"आमची पोरगी शांता हाय," ते म्हणाले. "हे सुशीला कोन?"

मी वही उघडून "सांगतो, सांगतो" म्हणायला लागलो.

"मले सांगू नका," ते म्हणाले. "नवरदेवाच्या बापाले सांगा. सकाळपासून थो हेच इचारून राहिला!"

झाकणं बसवताना अदलाबदल झाली होती. शांता अकोल्याला गेली होती आणि सुशीला तिवशाला. माझ्या डोळ्यांपुढे पेटी नव्हती, अण्णाजी दिसत होते. मी म्हणालो, नवी पेटी करू, रात्रंदिवस काम करू. तेवढ्यात मिस्त्री परत आले. सगळं ऐकलं. पकड घेतली, बिजागरीची सळई ओढून काढली आणि झाकण वेगळं करून काखेत मारलं.

"पेटीले काय झालं? पेटी चांगली हाय. झाकन बदलवून आणतो."

आणि सुशीलाचं झाकण घेऊन ते अकोल्याच्या एसटीत चढले. कंडक्टरनं विचारलं म्हणे, "बुवा, पेटी कुठी हाय?"

"तिवशाची अमरावतीले हाय, अकोल्याची अकोल्याले हाय. मी नुसते नावं फिरवून राहिलो!"

दुसऱ्या दिवशी ते शांताचं झाकण घेऊन आले. पेटी लग्नाच्या दिवशी सकाळी तिवशाला पोचली. मांडवात पोचली खरी, पण कबूल केल्यापेक्षा उशिराच. नानासाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "चूक कोनाची?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, "कारखान्याची."

बाहेर आल्यावर मला म्हणाले, "साहेब, नाव शेवटी टाकाव. पोराचंही बाराव्या दिवशीच ठेवतेत ना?" आणि स्वतःच्या हातानं पट्टी तेराव्या खिळ्यावर अडकवून कामाला लागले. इतकी वर्षं झाली, पण त्या एका शब्दाबद्दल मी त्यांचे आभार मानले नाहीत, ही चुटपुट अजून आहे.

* * *

हंगाम संपला. तो एक माल सोडला तर सगळा वेळेवर गेला होता. माझे सहा महिने भरले. मी नानासाहेबांपुढे जाऊन उभा राहिलो.

"हो, हो," ते म्हणाले. "काम चांगलं झालं. पन एक माल उशिरा गेला ना? पाहू. पोळ्यानंतर पाहू."

त्याच आठवड्यात अण्णाजींचं कार्ड आलं. अक्षर विड्याच्या पानांसारखं नीट लावलेलं. 'आपल्या नोकरीचा कागद या पंधरवड्यात न आल्यास वरुडकडील दुसऱ्या स्थळाचा विचार करणे भाग आहे.' मी ते कार्ड घेऊन पत्र्याच्या थप्पीवर बसलो होतो. मिस्त्रींनी हात पुढे केला. एकेक शब्द बोटानं सरकवत त्यांनी ते वाचलं आणि परत दिलं.

"पोरगी चांगली हाय का?"

"चांगली आहे."

"हं," म्हणाले. "परवा मले अंजनगावले तीन पेट्या पोचवाच्या हायेत."

गेले आणि आले. मी जीव मुठीत धरून विचारलं, "अण्णाजी भेटले का?"

"भेटले. पान खाऊ घातलं. चांगला मानूस हाय." आणि हातोडी उचलली.

सोमवारी सकाळी मी ऑफिसात नानासाहेबांसमोर रंगाच्या डब्यांची यादी घेऊन उभा होतो, आणि दारात अण्णाजी! धुवट धोतर, काळा कोट, एका हातात केळीच्या पानात बांधलेली मळ्यातली विड्याची पानं, दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा. माझ्या हातातली यादी खाली पडली.

त्यांनी नानासाहेबांना वाकून नमस्कार केला. "नानासाहेब, लय उपकार झाले जी तुमचे! आमच्या जावयाले पक्कं केलं तुमी. मी तारीखच काढून टाकली. पंगतीत पयलं पान तुमचं!"

नानासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. गोडबोल्यांची बोटं टाइपरायटरवर तशीच थांबली.

"कोनी सांगितलं तुमाले?" नानासाहेबांनी हळूच विचारलं.

"तुमचेच मिस्त्री आले होते ना जी. मी म्हटलं, कागद कुठी हाय? तं म्हने, अण्णाजी, नानासाहेबांची जबान एकदा गेली का झालं. कागद लिहाले हात रिकामा व्हाले पाह्यजे ना त्याइचा. मी म्हटलं, बरोबर हाय! मोठ्या मानसाची जबान हाय, कागद काय, येतेच मागून." आणि त्यांनी पुडा सोडून एक पेढा नानासाहेबांच्या हातावर ठेवला.

मधल्या काचेतून कारखाना दिसत होता. मिस्त्री पाठ करून उभे होते. हातोडी हातात होती, पण आवाज येत नव्हता. त्यांच्या मागे रहीमचाचा, हातातला ब्रश ठिबकतोय. सगळा कारखाना पाठ करून उभा!

नानासाहेबांनी बराच वेळ त्या काचेतून बघितलं. मग हातावरच्या पेढ्याकडे बघितलं. मग तो तोंडात टाकला, सावकाश खाल्ला, रुमालानं बोटं पुसली आणि अण्णाजींना खुर्ची दिली.

"बसा, अण्णाजी. चहा सांगतो." आणि मान न वळवता म्हणाले, "गोडबोले, याइचं पक्केपनाचं पत्र टाइप करा."

गोडबोल्यांनी घाईघाईनं कागद चढवला. "हो, लगेच. तारीख आजची ना?"

"मागच्या सोमवारची टाका!"